आईची सीट

सौ. मुक्ताईस,

गजानन महाराजांच्या कृपेने आम्ही बापलेक सुखरूप आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

दिग्विजय कंप्युटर कंपनीतून सुटला की वारज्याच्या गॅरेजात जुनी फियाट सजवत बसतो. छप्पर कापलेल्या गाडीला ही पोरं ‘बोडकी’ म्हणतात, जमिनीलगत उतरवलेलीला ‘बसकी’. आपली दोन्ही आहे.

“आईला खडकवासला दाखवायला करतोय, बाबा,” म्हणतो. पण गाडीत सीट एकच! विचारलं तर म्हणाला, “बाकीच्या काढल्या, वजन कमी होतं.” धरण बघायला एवढा वेग कशाला?

दसऱ्याला गाडीपुढे नारळ मीच फोडावा, असा त्याचा हट्ट आहे. मी म्हटलं, आधी आईची सीट लाव. तेव्हापासून नुसता बॉनेट पुसत बसतो.

दसऱ्याआधी तू ये. शेजारी आई बसली की पोरगं गाडी हळूच चालवतं.

कोंडीराम