परिशिष्टात टाकलेला प्रवेश

प्रिय ठमे,

बाळाचा फोटो उशाशी ठेवलाय. नाक थेट तुझ्या बाबांचं आहे. त्यांना मात्र हे सांगायची सोय नाही.

तू फोनवर विचारलंस, बाळाला घेऊन दोन दिवस घरी येऊ का. मी म्हटलं, बाबांना विचारून सांगते. पण त्यांना काही विचारायचं म्हणजे वेळ साधावी लागते, तुला ठाऊकच आहे. त्यात नवं काम अंगावर आलंय. तेच नेहमीचं, अडीचशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक, जुन्या आवृत्त्या ताडून नव्यानं संपादित करायचं. बाबांना आता बारीक टाइप अजिबात दिसत नाही. म्हणून जुन्या छापील प्रती मी मोठ्यानं वाचते, अगदी स्वल्पविरामासकट, आणि ते डोळे मिटून काय ठेवायचं ते सांगतात. सरदारापासून मोलकरणीपर्यंत सगळी पात्रं मीच. तू असतीस तर हसून हसून लोळली असतीस.

या नाटकात एक तापट व्यापारी आहे. मुलगी त्याच्या मनाविरुद्ध लग्न करते, तो तिला घराबाहेर काढतो. वाचताना मला तूच दिसत होतीस, पण बाबा ढिम्म. या माणसानं जन्म नाटकांवर काढला, आणि जावई नाटकाचे दिवे सांभाळतो म्हणून त्याचं तोंड बघायला तयार नाही! अजून 'तो दिवेवाला' म्हणतात. बिचारा लग्नाचं सांगायला आला त्या दिवशी इथे किती अदबीनं बोलला होता.

नाटकाची पहिली आवृत्ती मुलगी निघून जाते तिथेच संपते. दुसरीत लेखकानं स्वतः एक प्रवेश वाढवलाय. मुलगी दाराशी येते, बाप तावातावानं उठतो आणि तिला जवळ घेतो. लेखकानं शेवटचा हात फिरवलेली प्रत तीच खरी, हा बाबांचा नियम. आजवर प्रत्येक पुस्तकात पाळलेला, त्यापायी प्रकाशकाशीही भांडलेत ते. तो प्रवेशही मी स्वल्पविरामासकट वाचला. बापाची वाक्यंही मलाच म्हणायची होती ना!   बाबा म्हणाले, पहिली आवृत्ती धरू, हा प्रवेश मागे परिशिष्टात टाक. मी म्हटलं, अहो, आणि तुमचा नियम? तर म्हणे, असं कुठे घडतं का, प्रेक्षकांना खूश करायला घातलंय त्यानं.

मग मीही थांबले नाही. पुस्तक मिटलं आणि तुझं सरळ विचारलं. बाळाचं नावही सांगितलं. ते म्हणाले, ती आली तर मी घराबाहेर जाऊन बसेन. दोनदा म्हणाले. आणि उठताना खुर्चीला अडखळले. मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच क्षणी इतकी दया आली, की मी नुसती बसून राहिले. हात द्यायलाही उठले नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं गं.

तुझे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत, रागावू नकोस. दुसऱ्यांनी लिहिलेलं काय वाटेल ते मी खणखणीत वाचून दाखवते, पण तुझा आवाज कानावर पडला असता तर एवढं एक माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून लिहितेय. येऊ नकोस.

तुझीच,
आई