सेकंडहँड गाडीची पहिली कामं

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

अखेर गाडी दारात आली. काल अलिबागला मुक्काम केला, सकाळी सातला निघालो, आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवली, दिघीला उतरवली आणि अकराच्या आत बोर्ली पंचतनच्या नव्या बिऱ्हाडात पोचलोही. रचना वाटभर खिडकीतून समुद्र बघत होती. आम्ही दुष्काळी जतकडची माणसं, आम्हाला एवढं पाणी बघायची सवय नाही. मी गेल्या सोमवारी इथल्या आरोग्य केंद्रात औषधनिर्माता म्हणून रुजू झालो.

गाडी चंदेरी रंगाची हॅचबॅक, सात वर्षं वापरलेली. अलिबागला जुन्या गाड्या विकणाऱ्या निकेतनं चावी देताना पेढा भरवला. म्हणाला, एका डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच चालली. पुढचा ओढायचा हुक जरा वाकलाय, बाकी नाव ठेवायला जागा नाही.

रचनाला आठवा सरत आलाय. मागच्या खेपेला कळा सुरू झाल्या आणि जीप यायला दोन तास लागले. बाळ राहिलं नाही. त्या जीपवाल्यावर, सरपंचावर, रस्त्यावर, सगळ्यांवर मी चिडून आहे तो अजून चिडूनच आहे. या वेळी गाडी स्वतःच्या दारात असणार, म्हणजे असणारच.

आता स्वस्तातली पहिली कामं. खाऱ्या हवेत खालून गंजरोधक लेप आधी. मग रबरी मॅट, सीट कव्हर, हेडलाइटला चांगले बल्ब. जमलं तर मागचा कॅमेरा. मी यादी केली तर रचना हसली, म्हणाली बाळाच्या सामानाची यादी अजून कोरीच आहे.

२ एप्रिल, बुधवार

चिरागच्या दुकानात अर्धा दिवस गेला. बाजारात गाडीचं सामान विकणारं हे एकच दुकान, त्यामुळे भाव करताना तो मुळीच घाबरत नाही. लेप झाला, मॅट बसल्या, तपकिरी सीट कव्हर चढली, बल्ब लागले. जुन्या मॅट काढल्या तर खाली ओंजळभर वाळू निघाली. डॉक्टर बीचवर दवाखाना चालवत होते का, असं मी विचारलं. चिराग म्हणाला की इथल्या गाड्यांत वाळू नसेल तर नवल.

रचनानं मागच्या सीटवर आडवं होऊन पाहिलं. पाय दुमडून नीट मावते. मला फार बरं वाटलं.

५ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी सहाला भाजी आणायला निघालो तर नव्या मॅट ओल्या. नुसत्या ओल्या नाहीत, ब्रेकखाली पाणी साचलेलं. तसाच चिरागकडे गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं. धुताना पाणी आत सोडलं आणि वर मॅट टाकून झाकलं, असं मी म्हणालो. तो गाडी धुतलीच नाही म्हणून शपथा घ्यायला लागला. मग त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. मीही चाखून पाहिलं. खारट होतं.

७ एप्रिल, सोमवार

आज सकाळी साडेसातला पुन्हा. पाणी सीटच्या खालच्या कडेला टेकलं होतं. काचा बंद, दारं बंद, बाहेर धूळ उडतेय, आणि आत पाणी. नऊपर्यंत सगळं गेलं, कुठून गेलं ते दिसलं नाही. कव्हरवर मिठाची पांढरी रेघ उमटली. पाच दिवसांपूर्वी लावलेल्या बल्बच्या पिना हिरव्या पडल्यात.

निकेतला फोन केला. म्हणाला, एसीची नळी तुंबली असेल. मी विचारलं, तुमच्या एसीतून मीठ पडतं का? त्यानं फोन ठेवला. चार वेळा केला, चारही वेळा कापला. माणसाला इतकं खोटं बोलायला लाज कशी वाटत नाही? आजपासून तारीख आणि वेळ लिहून ठेवणार. ग्राहक मंचात ही वही पुरावा म्हणून लागेल.

९ एप्रिल, बुधवार

आज नऊला पाणी. पांढरी रेघ चार बोटं वर गेली.

धाकूकाका रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला खिडकीशी आले. बौद्धवाडीतले हे म्हातारे पहिल्या दिवशी आपण होऊन जय भीम करायला आले होते. किनाऱ्यावर वाळूत फसलेल्या गाड्या ते ट्रॅक्टरनं ओढून काढायचे. आज अंगणातल्या गाडीचा वाकलेला हुक बघून ते गोळ्या न घेताच मागे सरले. मी पाणी येण्याच्या वेळा सांगितल्या तेव्हा बोटांवर हिशेब करून म्हणाले, भरतीची वेळ हीच. तिथीची पाऊणपट करायची. आज द्वादशी, म्हणजे नऊ.

गेल्या वर्षी एका अवसेला सकाळी पुण्याकडचा एक माणूस या गाडीसकट वाळूत फसला होता. काकांनी साखळी लावली, त्यात हुक वाकला, आणि तो माणूस भडकला. सीटबेल्ट लावून आतच बसून राहिला.

"म्या हात जोडलं, साहेब, उतरा, पानी कुनासाठी थांबत न्हाय," काका म्हणाले. "तो म्हनला, आधी माफी माग, मंग उतरतो. मागितली असती तर माजं काय जानार हुतं? पन मला पन राग आलता."

त्यांनी गाडी ओढून काढली ती भरती ओसरल्यावर. माणूस आतच होता.

मूर्ख माणूस. एका हुकापायी. पण त्याच्यापेक्षा जास्त संताप मला निकेतचा आला. मेलेल्या माणसाची गाडी यानं पेढा भरवून माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी विकली.

१२ एप्रिल, शनिवार, पौर्णिमा

सव्वाअकराला आरोग्य केंद्राच्या अंगणात उभा राहून पाहिलं. लख्ख ऊन होतं. गाडी बाहेरून कोरडी आणि काचांच्या आत गढूळ पाणी, स्टिअरिंगपर्यंत चढलेलं. ते हलत होतं. आत लाटा होत्या.

ड्रायव्हरचा सीटबेल्ट लागलेला होता आणि ताणलेला होता, आत माणूस बसल्यावर ताणतो तसा. मी तो लावला नव्हता.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीला महाडला गाडीनं जायचं ठरलं होतं. रचनानं गाडीत पाय ठेवायला नकार दिला. ती म्हणते भंगारात द्या, नाहीतर रस्त्याकडेला सोडून द्या. धाकूकाका त्यांच्या पुतण्याचा टेम्पो रात्रंदिवस तयार ठेवतो म्हणालेत, गाडीवाचून काही अडत नाही. मी म्हणालो, का सोडू? माझी काय चूक आहे? चूक त्याची, आणि नुकसान मी सोसू?

ती म्हणाली, "गाडी बाळासाठी घेतली म्हणता, आणि दिवसभर बोलता फक्त त्या निकेतबद्दल."

मला त्याचाही राग आला.

२० एप्रिल, रविवार

चार दिवस पाणी कमी आहे, घोट्याइतकंच. आज निकेतनं फोन उचलला. शांतपणे म्हणाला, कशाला डोकं फिरवून घेता, नव्या मॅट टाका, कव्हर बदला, वास दाबायला अत्तराची बाटली लटकवा आणि दुसरं गिऱ्हाईक बघा. मी तेच केलं, म्हणाला, माझ्या आधीच्यानंही तेच केलं.

म्हणजे मी हौसेनं केलेली सगळी कामं याच गाडीवर आधीही झाली होती. मढं झाकायला. मी ओरडत राहिलो, फोन कधी कट झाला ते कळलं नाही.

कुणाला विकणार नाही. त्याच्याच दारात नेऊन, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, त्याला दाखवणार.

२४ एप्रिल, गुरुवार

सव्वाआठ. सीटपर्यंत.

एक गोष्ट लक्षात आली. घरात असलो की राग निवतो. रचनाच्या पोटावर हात ठेवला की बाळ हलतं, मग काही आठवतही नाही. पण गाडीत बसून पट्टा लावला की कानशिलं तापतात. तोंडात शिव्या येतात. त्यातल्या काही मी आयुष्यात कधी दिलेल्या नाहीत.

तरी रोज जाऊन बसतो.

२६ एप्रिल, शनिवार

साडेदहाच्या सुमारास. छातीपर्यंत आलं असतं, मी बाहेर होतो. उद्या अवस. सव्वाअकरा. उद्या रविवार, निकेतकडे गिऱ्हाइकांची गर्दी असते. उद्याच.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी सहा. पहाटे रचनाला कळा सुरू झाल्या. तारखेच्या आधीच. टेम्पो पाच मिनिटांत आला. धाकूकाका तिला घेऊन श्रीवर्धनला गेले. तिनं माझा हात धरला होता. चला म्हणाली. मी म्हणालो दुपारी येतो, एवढं एक काम संपवून येतो. तिनं हात सोडला.

मी हे काय केलं? पण आज सोडलं तर पुढची अवस महिन्यानं. आणि तो निकेत हसत राहणार.

१०.२० अलिबाग. त्याच्या दुकानासमोरच्या आवारात गाडी लावली. मधोमध. तो बाहेर आला, गाडी बाजूला घ्या म्हणाला. मी म्हणालो, सगळ्यांसमोर कबूल कर, मग उतरतो.

१०.४१ पाणी आलं. घोट्यापर्यंत. थंड. निकेत काचेतून बघतोय. त्याला दिसतंय. तोंड पांढरं पडलंय त्याचं. बघ. बघ नीट.

१०.५२ कमरेपर्यंत. चार-पाच माणसं जमली. उतरा म्हणतायत. आधी तो कबूल करू दे.

१०.५८ श्रीवर्धनहून फोन. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. मागे रडण्याचा आवाज आला, माझ्या मुलीचा. रचना म्हणाली, कुठे आहात?

उतरतो. झालं तेवढं पुरे. खड्ड्यात जाऊ दे गाडी.

११.०३ पट्टा निघत नाही. बटण दाबतोय, पट्टा आणखी ओढला जातोय. दार उघडत नाही. निकेत बाहेरून दार खेचतोय, म्हणतोय कबूल, सगळं कबूल, माफ करा. ऐकलं मी. ऐकलं. काचेवर दगड घालतायत, काच फुटत नाही—

११.०९ छातीच्या वर. वही डोक्यावर धरून लि— सव्वाअकराला भरती पुरी. मग ओसरतं. सहा मिनिटं. मान वर ठेवायची.

११.१५ हनुवटी

११.१९ अजून चढतंय. काका म्हणाले होते पाऊणप— चढतंय

त्यानं माफी मागितली. ऐकलंस ना तू. मागितली त्यानं. मुलगी झालीय मला. मी तिला अजून पाह—

सोड. मला राग नाही. निकेतवर नाही, जीपवाल्यावर नाही. खरंच सांगतो, मला आता कुणाचाच रा