शर्यतीच्या होडीत आणखी एक त्रुटी काढण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
तलाव परवाना कक्ष, सोलापूर.

विषय : श्री. सिद्रामप्पा कोरे यांच्या फायबरग्लास होडीस परवाना देण्यापूर्वी आणखी एक त्रुटी काढण्याबाबत.

संदर्भ : ‘त्रुटी शिल्लक नाहीत’ असे कळविणारे आपले पत्र, दि. २७ मार्च १९७५.

महोदय,

उपरोक्त पत्र अर्जदाराने तीनदा वाचले. सबब हा अर्ज.

१. अर्जदार ही सदर सिद्रामप्पांची पत्नी असून बी.एस्सी. आहे. यजमान तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका मासिकात शर्यतीच्या शिडाच्या होडीचे चित्र पाहिले आणि तशी होडी स्वतः आखून हिप्परग्याच्या तलावात सोडायचे मनावर घेतले.

२. पहिल्या आराखड्यात होडी अकरा फूट लांब, जेमतेम तीन फूट रुंद, आणि काचेच्या कापडाचे दोनच थर. तिचा छोटा नमुना घरच्या हौदात सोडला असता चि. शिवशरण (वय सहा) याने फुंकर मारली व ती उपडी झाली. अर्जदाराने शंका काढली तर यजमान म्हणाले, “पळणारी होडी अशीच नाजूक असते. तुला काय कळतंय त्यातलं?” सासूबाई सुंदरम्मा म्हणाल्या, “अय्यो, माझ्या पोराला अडवतीस कशाला? त्यापेक्षा वाऱ्याला सांग की, हळू वाहा म्हणून!” होडी हलकी म्हणून जोडीदारही हलका हवा, या हिशेबाने यजमानांनी चि. शिवशरण यास निवडले आहे.

३. सुदैवाने आपल्या कक्षात शर्यतीच्या होडीसाठी छापील नमुना नव्हता, उतारूंच्या नावेचा होता. त्यावरून आपण पहिली त्रुटी काढली, की रुंदी कमी आहे. यजमानांनी मुकाट्याने दीड फूट वाढवली. दुसरी, नावेत पाणी शिरल्यास काय, याचा खुलासा नाही. त्यांनी दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे घातले. तिसरी, जनावरांच्या रकान्यात ‘निरंक’ चालत नाही. तेव्हा नाइलाजाने ‘शेळी एक’ असे लिहून तिच्या खुरांसाठी तळाला तीन थर वाढवले.

४. यजमान म्हणतात, “होडी कुठली, परात झाली!” अर्जदारास परात पसंत आहे. बायकोने दहादा सांगून जे होत नाही, ते जावक क्रमांक असलेल्या एका चिठोऱ्याने होते, हा अनुभव घेतल्यापासून अर्जदार आपल्या टपालाची वाट यजमानांपेक्षा जास्त पाहते.

५. आणि आता आपल्या त्रुटी संपल्या! पुढच्या रविवारी, १३ तारखेस, पितापुत्र पाण्यात उतरणार. अर्जदार समक्ष चौकशीस आली असता आपले शिपाई मानसिंग म्हणाले, “बाई, लोक परवान्यासाठी रडत येत्यात. तुमी हरकत मागायला आलाय व्हय? मग लेखी द्या की.” म्हणून लेखी देत आहे.

६. विनंती, की चौथी त्रुटी पुढीलप्रमाणे काढावी : ‘नाव चालविणाऱ्याने आपणास पोहता येत असल्याचा दाखला जोडावा.’ यजमानांना पोहता येत नाही. लग्नानंतर मैंदर्गीस अर्जदाराच्या माहेरी सगळे विहिरीत उड्या मारत होते, तेव्हा हे पायरीवर बसून सर्वांचे कपडे सांभाळत होते. परवा विषय काढला तर म्हणाले, “डिझाइन करणाऱ्याला पोहावं लागत नाही.” यावर पत्नी काय बोलणार? सरकार बोलू शकते.

७. परवाना नाकारावा असे अर्जदाराचे म्हणणे मुळीच नाही. वह्या तपासून वैतागलेला हा माणूस होडीपाशी बसला की शीळ घालतो. फक्त दाखला येईपर्यंत प्रकरण थांबवावे. ही सूचना घरातून आली, हे त्यांस कळू देऊ नये.

८. आपल्या माहितीसाठी : अर्जदार व चि. शिवशरण दिवाळीपासून दर रविवारी माहेरी जातात, ते हुरडा-पापड्यांसाठी असा घरात समज आहे. प्रत्यक्षात दोघे तिथल्या विहिरीवर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या कोंडीबांकडे पाठीला डबा बांधून पोहणे शिकले. गेल्या महिन्यात दोघांचेही डबे सुटले. बुडण्याजोगा इसम घरात आता एकच शिल्लक आहे.

आपल्या चौथ्या त्रुटीच्या प्रतीक्षेत,

नम्र अर्जदार,
सौ. शांतम्मा सिद्रामप्पा कोरे
भवानी पेठ, सोलापूर
दि. ३ एप्रिल १९७५

सोबत : पोहण्याच्या दाखल्याचा कोरा नमुना. खाली कोंडीबांचा अंगठा आगाऊ घेतला आहे; नावाची जागा यजमानांचा डबा सुटेपर्यंत रिकामी आहे.