किल्ली पर्समध्ये, गाडी सुरूच

ती. दादास,

नमस्कार. "किल्ली हातात आली की काळजी संपली," असं नाना दुकानात आपल्याला म्हणाले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी सहा, आणि आपण दोघं स्टुलावर बसून कानशीने किल्ल्यांच्या कडा घासत होतो. आज सुरुवात त्या वाक्यापासूनच करणं भाग आहे. तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला? (सविस्तर लिही. फोनवर तू सगळ्यालाच "बरं आहे" म्हणतोस.) आम्ही ठीक. नानाही ठीक आहेत, पण रविवारी तू त्यांना कायमचं घेऊन जायला येणार आहेस, म्हणून हे पत्र तुझ्याआधी पोचायला हवं.

आधी गाडीबद्दल सांगते, कारण ते अजून कोणी नीट ऐकूनच घेतलेलं नाही. वीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवून मी ही गाडी घेतली. आपल्या घरातली पहिली. तिला किल्ली लावावीच लागत नाही. किल्ली पर्समध्ये असली की पुरे, बटण दाबायचं, आणि मग ती इतकी शांत चालते की सुरू आहे की नाही हे तिचं तिलाच ठाऊक. किल्ल्या करणाऱ्याच्या मुलीने असली गाडी घ्यावी म्हणून नाना दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. तिसऱ्या दिवशी फडकं घेऊन तिचे आरसे पुसताना सापडले.

गेल्या मंगळवारी दुपारी मी गाडी गॅरेजमध्ये आणली तेव्हा दातांच्या डॉक्टरांशी फोनवर वाद चालू होता. (एका आजोबांना नव्या कवळीने हसता येत नव्हतं. डॉक्टरांच्या मते माप चुकलं, माझ्या मते आजोबांचा स्वभावच तसा.) बोलत बोलतच उतरले. पर्स चाचपली, किल्ली हाताला लागली, काळजी संपली. गाडीने मागून तीनदा पीं-पीं केलं. मला वाटलं, निरोप देतेय. दादा, मी तिला हात केला. मग शटर ओढलं आणि घरात गेले.

नानांची खोली गॅरेजच्या बरोबर वर. पाऊण तासाने चहा घेऊन गेले तर ते पलंगाच्या कडेला बसून सदऱ्याची बटणं लावत होते आणि एकही जुळत नव्हतं. डोकं जड झालंय म्हणाले. डोकं माझंही ठणकत होतं, पण ते मी कवळीवाल्या आजोबांच्या नावावर टाकलं होतं. तेवढ्यात तळपायांना फरशीची बारीक थरथर जाणवली. त्यांना जिन्यावरून बाहेर कसं आणलं ते आठवत नाही. शेजारच्या शिलाईवाल्या बाईंनी पदर नाकाला लावून शटर वर केलं आणि गाडी बंद केली.

दवाखान्यात नानांना प्राणवायू लावला. त्या धुरातल्या विषाला वास नसतो, आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि गाडी कोणी सुरू ठेवली ते विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत नानांनी नळी बाजूला केली.

"मी. गाडीत बसून तिची बटणं बघत होतो."

आयुष्यात एकही कुलूप उघडं न ठेवलेला माणूस, दादा. आणि मी माझा दोष त्यांच्यावरच राहू दिला. तुला फोनवरही तेच सांगितलं, म्हणून तू म्हणालास की नाना आता विसरायला लागले. ते काही विसरलेले नाहीत. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी पितळेचा आकडा घासून गाडीच्या बटणाशेजारी बसवला. प्रवासात घराची किल्ली त्यावर टांगायची आणि बटण दाबून गाडी बंद होऊन समोरचे काटे खाली पडल्याशिवाय काढायची नाही. उशाशी विषारी वायूची सूचना देणारी घंटाही मी लावून घेतली आहे. ती चालते का ते नाना रोज सकाळी सहाला तपासतात आणि सगळी गल्ली उठते. त्यांचा मला इतका अभिमान वाटतो की गाडीचा त्याच्यापुढे काहीच नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. गाडी मागे घेताना शटरला थोडी घासली आहे. नानांना सांगू नकोस.

ता. क. २. रविवारी ये, चार दिवस राहा, मला हवं ते बोल. पण जाताना नानांना माझ्याकडेच राहू दे. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं.