गाडी हलली नाही

नाना, तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. बरं वाटायला तुम्ही आहात कुठं? दहा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. दहा वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोललो नाही, फोटोला हार घातला तो आईनं सांगितलं म्हणून. आई गावी, मी इथं सुरतेत, शेठच्या बंगल्यावर गाड्या सांभाळायला. चार गाड्या आहेत. धुवायच्या, पुसायच्या, चालू करून बघायच्या, हवा तपासायची, बस्स. गाडीखाली मी जात नाही. का जात नाही ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण गेल्या गुरुवारी गेलो, आणि तिथं आडवं पडल्यापडल्या तुमचा इतका राग आला की पाना हातातून सुटून तोंडावर पडला असता. म्हणून लिहितोय. माझा हात लिहिण्यातला नाही, सातवी झाली आणि आठवीचे दोन महिने, चुका होतील. तुम्ही तरी कुठं वाचणार आहात.

चारातली एक गाडी पिवळी आहे. दोन दारं, दोन माणसं, आणि इतकी बुटकी की पोट जमिनीपासून चार बोटं. इंजिन मागं, सामान ठेवायची डिक्की पुढं. गेटजवळच्या गतिरोधकावरून ती तिरकी काढावी लागते, नाहीतर खालून खरवडते. छोट्या शेठला, म्हणजे शेठच्या मुलाला, तिचं ऑइल स्वतःच्या हातानं बदलायची हौस. वय तीसच्या आसपास, हाताला कधी घट्टा पडलेला नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेला. मला म्हणाला, गुरुवारी गाडी वर घ्यायची आहे, तयारी करून ठेव. मी मनात हसलो. म्हटलं, याला काय येतंय, आपला बाप फिटर होता. आपला साधा जॅक त्या गाडीखाली जातच नाही हे मला दिसत होतं, पण पुढून दोघातिघांनी उचलून धरली आणि खाली काही सारलं की झालं. मागच्या भिंतीचं काम चाललंय तिथून चार ब्लॉक उचलून आणले. पांढरे, हलके, भिंतीचे. तुम्ही वापरायचे तेच. बघा, इतक्या वर्षांनी हात तिकडेच गेले. तुमचं शिकवलेलं असं चिकटतं.

छोटा शेठ आला आणि ब्लॉक बघून थांबला, हे काय आणलंस म्हणून. "आ शुं लाव्यो?"

मी म्हटलं, "ब्लॉक. मेरे पिताजी इसी पे गाडी चढाते थे."

"पिताजी बच गये?"

मी ब्लॉक सरळ करत राहिलो. त्याला वाटलं मला कळलं नाही. त्यानं हातोडी घेतली, एक ब्लॉक उभा केला आणि वरच्या कडेवर एक ठोका दिला. जोरात नाही, खिळा ठोकतो तसा. कोपरा गेला, आणि तिथून खालपर्यंत उभी चीर. दुसऱ्या ठोक्याला खारी बिस्कीट मोडावं तसा ढासळला. म्हणाला, "ये दीवार का माल है, गाडी का नहीं. पूरी दीवार का वजन उठा लेगा, लेकिन एक कोने पे लोहा रखो तो अंदर से फटता है. लकडी पहले आवाज करती है, लोहा पहले मुडता है. ये कुछ नहीं बोलता. खडा है, खडा है, और बैठ गया." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "क्या हुआ तुझे?"

काय झालं ते त्याला काय सांगू नाना? तुम्हाला सांगतो.

इथली, सुरतेतली आपली भेस्तानची गल्ली. रविवार. तुम्ही पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये फिटर, पण रविवारी गल्लीचे उस्ताद. कुणाचीही गाडी आली की तुम्ही नाही म्हणत नव्हता, कारण लोक भोवती उभे राहून बघायचे आणि तुम्हाला ते आवडायचं. स्टँड लावा असं कुणी म्हटलं तर तुम्ही हसायचात, "स्टँड शोरूमवाल्यांना लागतो." त्या दिवशी कुणाचीतरी जुनी पांढरी व्हॅन आहे. सायलेन्सर लोंबतोय. मागचं डावं चाक काढलेलं, मागची बाजू दोन ब्लॉकांवर. खाली काका. तुमचे गाववाले, मिलमधले जोडीदार, दर रविवारी तुमच्याबरोबर हात काळे करणारे. मी सतरा वर्षांचा, एम्ब्रॉयडरीच्या खात्यातून, म्हणजे कारखान्यातून, पाळी करून आलेलो, जेवायला निघालोय. तुम्ही जॅकनं बाजू जरा उचलून ब्लॉक नीट बसवताय. एका ब्लॉकला बारीक चीर आहे. तुम्ही तो हातात फिरवता, चीर आतल्या बाजूला करता, ठेवता आणि जॅक काढता. मी बघतोय. तुम्ही म्हणता, "बघत काय उभा राहिला? डिक्कीतून बारा-तेराचा पाना आण."

मी डिक्की उघडली, पाना घेतला, डिक्की लावली. व्हॅनची डिक्की, वरून खाली येते, आपटतेच. आणि व्हॅन बसली.

काकांचा आवाज आला नाही, हे मला अजून कळत नाही. माणूस ओरडतो ना? गल्लीतले दहाबारा जण धावले, हातांनी व्हॅन उचलली, काकांना ओढून काढलं तेव्हा ते बेशुद्ध होते. डावी नडगी. गुडघ्याखाली पाय राहिला नाही, तुम्हाला माहीतच आहे. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काकू भिंतीला टेकून बसलेल्या. मी अजून तो पाना हातात धरून. आणि तुम्ही काकूंसमोर उभे राहून, माझ्याकडे न बघता, बोललात, "पोऱ्यानी डिक्की आपटी. मी काय करू?"

एवढंच. त्या एका वाक्यानं सगळं ठरलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यानंतर तुम्ही मरेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. गल्लीत माझं नाव डिक्की पडलं. "ए डिक्की, दार हळू लाव रे, घर पडेल!" पानाच्या टपरीवर, खात्यात, लग्नाच्या पंगतीत. तुम्ही ऐकायचात. एकदाही कुणाला गप्प बसवलं नाही. मीसुद्धा धरून चाललो की माझंच खरं कारण. ब्लॉक फुटलेला मी बघितला होता, पण मला वाटायचं तो माझ्या आपटण्यानं फुटला. मी घरात कपाटाचं दार लावताना हात मध्ये ठेवायचो.

आता गुरुवारचं ऐका. गाडी कशी वर घेतात ते बघा, तुम्ही कधी बघितलं नाही. आधी जागा सपाट. मग दोन जाड लाकडी फळ्या पुढच्या चाकांसमोर, आणि गाडी हळूहळू त्यांच्यावर, मी समोर बसून हात दाखवतोय, तो चालवतोय. एवढ्यानं पोट दोन बोटं वर. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर. मग चपटा, चाकांचा जॅक, वर रबराची गादी. तो कुठं लावायचा ते गाडीच्या पुस्तकात चित्र काढून दिलंय, भलतीकडे लावला तर पत्रा आत जातो. त्यानं पुस्तक उघडून मला बोट ठेवून दाखवलं. मला हसायला आलं, पोथी वाचल्यासारखं गाडी उचलायला. पण जॅक बरोब्बर बसला. गाडी वर, खाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या, म्हणजे तेच स्टँड, तळाला जाड प्लायवूड, मग जॅक हळूच सोडून वजन घोड्यांवर उतरवलं. जॅक काढला नाही, नुसता टेकवून ठेवला, उगाच नको म्हणून. सुटं चाक आडवं करून कडेखाली सरकवलं. एवढं सगळं करून मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, अजून नाही.

मग त्यानं काय केलं माहीत आहे? कमरेनं गाडीला धक्का दिला. अंगाचा सगळा जोर लावून. दार उघडून आपटलं. म्हणाला, "नीचे जाने से पहले इसको सताने का. गिरना है तो अभी गिरे." आणि मला म्हणाला, "डिक्की मार."

मी जागेवरून हललो नाही.

"अरे मार ना."

मी पुढची डिक्की उघडली आणि लावली. हळू.

"ऐसे नहीं. जोर से."

मी आपटली. गाडी हलली नाही. मी खाली वाकून घोडीकडे बघितलं, केसभरसुद्धा नाही. पुन्हा उघडली, पुन्हा आपटली. पुन्हा. पुन्हा. किती वेळा ते माहीत नाही, छोटा शेठ ओरडला, "अल्या, तोडी नाखवी छे?" मोडून टाकायचीय का म्हणून, तेव्हा थांबलो. तो हसत होता. मी गाडीमागं जाऊन तोंड धुतलं.

नंतर खाली गेलो. बारा वर्षांनी. पाठीखाली पुठ्ठा, वर गाडीचं पोट, ऑइलची धार डब्यात पडतेय, आणि मला एकेक करून तुम्ही दिसायला लागलात. ब्लॉक फिरवताना. चीर आत करताना. काकांना नेल्यावर रक्तावर माती टाकताना. माती टाकून तुम्ही थांबला नव्हता. झाडू घेऊन तो पांढरा चुरा गोळा केला, कोपऱ्याकोपऱ्यातून, नखानं टोकरून, आणि उरलेल्या अख्ख्या ब्लॉकसकट गोणीत भरला. सायकलच्या कॅरिअरला गोणी बांधून खाडीवर गेलात. हॉस्पिटलात त्यानंतर आलात. तुमचा जोडीदार तिथं पडलेला, आणि तुम्ही आधी खाडीवर! मला तेव्हा वाटलं, बाप पोराची चूक झाकतोय. माझ्यासाठी झाडतोय असं वाटलं मला. मी त्याबद्दल तुमचे उपकार मानत होतो नाना. इतकी वर्षं.

महिन्याभरात तुम्ही मिलच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी घोड्या वेल्ड करून आणल्या. कुणी विचारलं तर म्हणायचात, "आजकालच्या पोरांचा भरवसा नाही." त्यानंतर ब्लॉकला हात लावला नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. डिक्कीनं गाडी पडली असती तर घोड्या कशाला, माझे हात बांधले असते. आणि आजारपणात, शेवटी शेवटी, पान्यांचा अख्खा संच मला दिलात. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. बोललात. "जपून वापर. तुझा हात जड आहे." मरणाऱ्या माणसाला खोटं बोलायची काय गरज असते? तुम्हाला होती. मी तो संच पत्र्याच्या पेटीत तसाच ठेवलाय, एकही पाना वापरलेला नाही.

तुमच्या तिरडीपाशी काका कुबड्यांवर आले. सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे रे भो, मी विसरी गऊ." त्यांनी मला माफ केलं. मी त्यांच्या पाया पडलो, एकाच पायाच्या. जे मी केलंच नाही त्याची माफी घेऊन दहा वर्षं मान खाली घालून जगलो, आणि तुमच्या फोटोला ते काका दर वर्षी तुमच्या तिथीला येऊन उदबत्ती लावतात. भावासारखा होता म्हणतात. सांगायचं ठरवलं मी. कुणी काही म्हणो. आईला वाईट वाटो. तुमचं नाव गल्लीत जे व्हायचं ते होवो.

काल रविवार होता. दुपारी भेस्तानला गेलो. काका दाराशी खुर्चीवर, पँटचा पाय दुमडून पिन लावलेली. "ये रे पोऱ्या, बैस. चहा ठेव वं," काकूंना. काकू आता बोलतात, थोडं. मी चहा येईपर्यंत थांबलो नाही. म्हटलं, काका, ती व्हॅन माझ्या डिक्कीनं नाही बसली. भिंतीचे ब्लॉक होते, ते आतून फुटतात, आपोआप, सांगून फुटत नाहीत. मी परवा डोळ्यांनी बघितलं. डिक्की आपटून पण बघितली.

काकांनी दुमडलेल्या पँटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मंग तुना हात नव्हता." विचारलं नाही, म्हणाले. मागं काकू चहाची किटली हातात धरून उभ्या. त्यांनी किटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "इतला वरीस..." नाना, त्या वेळी मला जे मिळालं ते मिळालं. त्याच्यासाठी तुमचे आभार नाहीत.

मग काकांनी विचारलं, "नानाले माहीत व्हतं का?"

सगळं तोंडावर आलं होतं. चीर, झाडू, गोणी, खाडी. एक शब्द बोललो असतो तर तुम्ही संपला असता. काका माझ्याकडे असे बघत होते, जसं डॉक्टरकडे बघतात. आणि मी म्हटलं, "नाही काका. त्यांना काय माहीत असणार."

ते तुमच्यासाठी बोललो नाही. काकांसाठी बोललो, पाय गेला, आता भाऊ पण कशाला न्यायचा. असं मी बसमध्ये स्वतःला सांगत आलो, आणि इथं कागदावर पण तेच लिहिणार होतो. लिहून बघितलं. पूर्ण खरं नाही ते. हा कागद मी फाडणार आहे, काकांच्या हाती कधी पडायला नको.