पेटीचा दोर आंब्यावर

सकिना,

माहेरून आलीस आणि दाराला कडी दिसली, तर रडत बसू नकोस. मी जहाजावर गेलेलो नाही. चौलच्या लोहाराकडे गेलोय, दिवस मावळता, मगरिबच्या नमाजाआधी येतो.

मागल्या अंगणात किहीमच्या साहेबाकडून घेतलेली ती दोन दारांची जुनी मोटार आहे. काल तिचं छप्पर कापलं, मडगार्ड उतरवले. अमेरिकेच्या बंदरात पोरं मोटारी अशाच हलक्या करून सुसाट पळवताना पाहिली, तेव्हापासून डोक्यात होतं. कापलेल्या छपराखाली आपली कोंबडी खुडूक बसलीय, तिला हाकलू नकोस.

इंजिन आंब्याला टांगलंय, खालून जाऊ नकोस. दोर माझ्या जहाजावर न्यायच्या पेटीचा आहे. पेटी आता बांधायची नाही. आतले कपडे तुझ्या कपड्यांशेजारी लाव.

समद