सोडायची एक वस्तू

॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥

वेरूळ, ५ डिसेंबर १९९३

चि. सूर्यभान यास दादाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. सत्यभामेला कागदावर उभं करून तू पेन्सिलीनं काढलेलं पाऊल बघून आधी वाटलं, घाईत पोरीचंच पाऊल काढून पाठवलंस. एवढ्याशा पावलांवर ती पाण्याच्या कळशा कशी आणते, देव जाणे.

थोरल्या दिरानं भावजयीच्या पायाला हात लावायचा नाही, तिनं समोर येऊन बोलायचं नाही, ही आपली रीत. म्हणून हा कागदाचा खटाटोप. धर्मशाळेतल्या शिबिरात तळपाय दाबून रोग उतरवायचं मी शिकलो, ते आता तुझ्या अंगठ्यानं करायचं आहे. तोच कागद परत पाठवतो आहे. त्यावर बोटांखालचा फुगीर भाग लाल शाईनं भरला आहे, ती फुफ्फुसांची जागा. अंगठ्याच्या बुडाशी खूण केली आहे, ती श्वासनळीची. जेवणाआधी दोन्ही पाय दाबत जा. तिला सोसेल एवढंच. कारखान्यात पाना फिरवतोस तसा जोर लावू नकोस.

आणखी एक. उपचार सुरू करताना देवापुढं एक वस्तू सोडायची असते, जिच्यावाचून आपलं चालत नाही अशी. मी तंबाखू सोडली होती. तिनं महाशिवरात्रीपर्यंत सोडावी. काय सोडायचं ते तिचं तिनं ठरवावं आणि कुणाला सांगू नये. तिचा दमा उतरला म्हणजे माझ्या शिकण्याचं सार्थक झालं.

पोरीला गोड पापा. तुमची आठवण रोजच असते, तुम्हीही ठेवावी.

तुझा दादा,
कडुबा

---

रांजणगाव, २९ डिसेंबर १९९३

ती. दादांस सूर्यभानचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडं सगळं ठीक. नामांतराच्या बातम्यांनी शहर तापलं आहे, जागोजागी पोलीस आहेत. वाळूजला कंपनीची बस कधी येते, कधी नाही. मग आम्ही पायीच निघतो. शेजारच्या मनकर्णाबाई रोज विचारतात, पेपरात काय आलं. अठ्ठ्याहत्तर साली याच नामांतरापायी गावाकडं त्यांचं घर जाळलं, तेव्हापासून त्या इकडं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं की कमानीपाशी जाऊन उभं राहायचं, म्हणून पांढरं लुगडं घडी करून ठेवलं आहे.

दादा, तुमची विद्या लागू पडली! रोज पाय दाबतो. सत्यभामाच्या हातात दम्याचा पंप बरेच दिवस दिसला नाही. विचारलं तर हसते आणि लई हलकं वाटतं म्हणते. रात्री मात्र भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपते. आडवं झालं की पाठ दुखते म्हणते. चाळीतल्या बाया तुम्हाला डॉक्टर कडुबा म्हणायला लागल्या. आता एक कोट शिवून घ्या.

थोरल्यांची माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
सूर्यभान

---

रांजणगाव, १८ जानेवारी १९९४

ती. दादांस सूर्यभानचा शि. सा. नमस्कार.

घाबरू नका, सत्यभामा वाचली. ते आधी लिहितो.

संक्रांतीच्या दिवशी नामविस्ताराची बातमी आली. मी पहिल्या पाळीला होतो. मनकर्णाबाई ते लुगडं नेसून, तिळगूळ द्यायला म्हणून आमच्या दारात आल्या. ही चुलीपाशी ओणवी झालेली, ओठ निळे, तोंडातून शब्द फुटत नव्हता. बाईंनी पंप शोधला, तो डब्यांमागं चिंधीत बांधलेला सापडला. तोंडाशी धरला तर हिनं मान फिरवली. बाईंनी तिला टेंपोत घातलं. जागोजागी बंदोबस्त. प्रत्येक ठिकाणी उतरून पोलिसांशी भांडल्या आणि घाटी दवाखान्यात पोचवली. तिथंच रात्रभर बसल्या. कमान राहिली ती राहिलीच.

डॉक्टरांनी मला समजावलं, दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, आवळतात. पाय दाबल्यानं बरं वाटत असेल तर दाबा, पण त्यानं आवळलेली नळी उघडत नाही, औषधच लागतं. ते रागावले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

शुद्धीवर आल्यावर ही म्हणाली, भाऊजींनी सांगितलं होतं ना, जिच्यावाचून चालत नाही ती वस्तू सोडायची. मी पंप सोडला. आता घरी आणली आहे, पण महाशिवरात्रीपर्यंत पंप नको म्हणते. नेम मोडला तर पोरीला भोवेल, असं तिच्या मनानं घेतलं आहे. दादा, मला काही सुचत नाही. तुम्हीच काय ते लिहा. लवकर.

सूर्यभान

---

॥ श्री ॥

वेरूळ, २३ जानेवारी १९९४

चि. सूर्यभान यास आशीर्वाद. हे पत्र सत्यभामेला वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस.

बाई, तुझ्या नेमाला मी कारण झालो. चहा, सुपारी, एखादं आवडतं कालवण, एवढंच माझ्या मनात होतं. पण मी ते लिहिलं नाही. औषध सोडू नकोस, हे तर लिहायलाच हवं होतं.

यापेक्षा वाईट आहे ते सांगतो. दम्याचं माणूस आडवं होऊ शकत नाही, बसूनच झोपतं, हे शिबिरात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सूर्यभानच्या डिसेंबरच्या पत्रात ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, आणि नजर घसरली ती ‘विद्या लागू पडली’ यावर. ते पत्र मी ओट्यावर पाय दाबून घ्यायला आलेल्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तू भिंतीला टेकून श्वास ओढत होतीस आणि मी इथं कौतुक करून घेत होतो.

आज गाभाऱ्यात जाऊन सांगून आलो, तिचा नेम इथं संपला, राहिलेले दिवस माझ्याकडं. मी पाय दाबणं सोडलं आहे. लोक येतात, त्यांना परत पाठवतो. तू पंप घे. मी थोरला असलो तरी हात जोडून माफी मागतो. मनकर्णाबाईंना काय लिहावं ते मला कळत नाही. त्यांच्या इतक्या वर्षांच्या वाट बघण्याच्या आड मी आलो.

पत्राची वाट बघतो आहे.

कडुबा

---

रांजणगाव, ३ फेब्रुवारी १९९४

ती. भाऊजींना सत्यभामाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते. चौथीपर्यंतच शाळा झाली, अक्षराला हसू नका.

पंप घेते. तुमच्या सांगण्यावरून नाय. देवाला दिलेला शब्द दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येतो, हे मला पटलं नाय. मनकर्णाबाई म्हणल्या, मी कमान सोडून तुला उचलली ती काय मरायला? कमान कुठं पळून जात नाय गं, पण तू पळाली असतीस. मग मी त्यांच्या समोरच घेतला. परवा आम्ही दोघी कमानीला जाऊन आलो. त्या लई वेळ नुसत्या वर बघत उभ्या होत्या. मला दम लागला, मी पंप घेतला, परत त्यांच्याशेजारी उभी राह्यले. नेमाचं मी महाशिवरात्रीला येऊन देवाशीच बोलंन.

तुम्ही विचारलं नाय तरी सांगते. मी चहा पीत नाय, सुपारी खात नाय. कालवण जे असंल ते खाते. ज्याच्यावाचून चालत नाय असं माझ्याजवळ दुसरं होतंच काय? औषध सोडायच्या वस्तूत धरायचं का, हे तेव्हाच विचारायचं होतं. पण कुणाला सांगू नये म्हणलेलं, आणि तुमच्या समोर तर मी कधी बोललेच नाय.

गुडघ्याची, कंबरेची माणसं परत पाठवू नका, त्यांना बरं वाटतं. फक्त आधी विचारा, कोणतं औषध चालू हाय.

आणि माफी देवाकडं मागा, माझ्याकडं नको. तुम्ही थोरले. तुम्ही मागितली की मला नाय म्हणता येत नाय, नेम सांगितला तवा आलं नाय तसंच. पुढं मला काही सांगायचं झालं तर यांच्या हाती कागद देऊ नका. मी ओट्यावर तुमच्या समोर बसंन. तुम्ही सांगा, आणि मग मी काय म्हणते तेबी ऐका.

माया ठेवा.

सत्यभामा